टू ट्री वेलची प्रगती

शुभदा वाळिंबेचा व्यवसाय दुसऱ्यांची प्रगती मोजण्याचा. कुणी घरं बांधतं, कुणी दात काढतं, कुणी टॅक्सी चालवतं. शुभदा एखाद्या वस्तीवर जायची, चार दिवस राहायची आणि माणसं किती सुधारली ते लिहून द्यायची. पुण्यात असताना तिने हे काम एका संस्थेसाठी केलं. सिडनीत आल्यावर, युनिव्हर्सिटीची मास्टर्स पदरात पडल्यावर, एका कन्सल्टिंग कंपनीसाठी तेच केलं. फरक एवढाच, की पुण्यात तिला जीपमधून हाडं खिळखिळी करत न्यायचे आणि इथे विमानातून न्यायचे.

पुण्याकडच्या कामात ती एक गोष्ट शिकली होती. समिती येणार म्हटलं की गाव आधीच सुधारून बसतं. नव्या संडासांना चुना लागतो, आत रचलेल्या गोवऱ्या तेवढ्यापुरत्या बाहेर निघतात, शाळेतली पोरं हात धुण्याचं गाणं म्हणतात आणि सरपंच समितीला कांदेपोहे खिलवतो. समितीच्या जीपची धूळ खाली बसली की गोवऱ्या पुन्हा आत. शुभदाला यात फसवणूक वाटत नसे. पाहुणे यायचे म्हणून आपण नाही का दिवाणावरची चादर बदलत, असं ती म्हणायची आणि गावाला चांगले गुण देऊन मोकळी व्हायची.

सिडनीच्या पश्चिमेला, गिरावीनला तिचं तीन बेडरूमचं घर. नवरा शंतनू एका बँकेच्या आयटी विभागात. मुलगी उर्वी पंधरा वर्षांची. मराठी समजायची सगळं, पण उत्तर इंग्रजीत. आईच्या कामाबद्दल तिचं मत तिने एकदा जेवताना सांगून टाकलं होतं.

"ममा, यू लिटरली ग्रेड पीपल फॉर अ लिव्हिंग."

"मोजल्याशिवाय सुधारणा कशी कळणार?" शुभदा म्हणाली.

"हू आस्क्ड देम इफ दे वाँटेड इट?"

शुभदाने तिला आणखी एक पोळी वाढली. कामाच्या ठिकाणी असा प्रश्न आला की ती चहाची सुट्टी घ्यायची, घरी पोळी.

करोनाच्या साथीच्या आदल्या वर्षी तिला टू ट्री वेलचं काम मिळालं. नॉर्दर्न टेरिटरीत, ॲलिस स्प्रिंग्सहून गाडीने दिवसभराच्या वाटेवर, लाल मातीतली ही वस्ती. तिथले लोक त्या मातीत हजारो वर्षांपासूनचे. त्यांची प्रगती बघायला जाणारे दोनशे वर्षांतले, आणि शुभदा तर अकरा वर्षांतली. पण अहवाल तिने लिहायचा होता.

सरकारी योजनेचं नाव होतं 'स्ट्राँग होम्स'. वस्तीतल्या लोकांनी सहा नवी घरं मागितली होती, कारण एकेका घरात बारा-बारा माणसं राहत होती. कॅनबेरातल्या खात्याने विचार केला की घरं देण्याआधी लोकांना घरात राहायची सवय लागली पाहिजे. म्हणून दोन वर्षं वर्ग भरले. पलंगावर चादर कशी घालावी, फ्रिज कसा पुसावा, आणि मुक्कामाला आलेल्या नातेवाइकांना नम्रपणे नाही कसं म्हणावं. एका बेडरूममध्ये दोनच माणसं, हे योजनेचं मुख्य उद्दिष्ट. ते कितपत साधलं हे शुभदाने आणि तिची बॉस हेलन हिने बघायचं, आणि मग घरांचं ठरायचं.

तिकडे त्यांना भेटल्या आंटी जॉयस. सत्तरीच्या, दवाखान्यात आयुष्य काढलेल्या, आता वस्तीच्या पंचायतीच्या प्रमुख. आवाज बारीक, पण त्या बोलायला लागल्या की कुत्रीसुद्धा भुंकायची थांबत. त्यांच्या व्हरांड्यात खेळणाऱ्या पोरांच्या डोक्यांवर तऱ्हेतऱ्हेच्या टोप्या होत्या आणि प्रत्येक टोपीवर एकेका योजनेचं नाव छापलेलं. त्यातली एकही योजना आता जिवंत नव्हती.

"टोप्या मात्र चांगल्या टिकतात," आंटी म्हणाल्या.

त्यांनी चहा दिला. हेलन गाडीतून काहीतरी आणायला गेली तेव्हा त्यांनी शुभदाला नीट निरखून बघितलं.

"तू इंडियातली ना? तुमच्याकडे पण हे गोरे लोक होते म्हणतात. असेच यायचे का बघायला?"

"माझ्या आजेसासऱ्यांच्या वेळी यायचे," शुभदा म्हणाली. "घोड्यावरून. तंबू ठोकून राहायचे."

"मग गेले कसे?"

या प्रश्नाची तयारी कंपनीच्या कुठल्याच प्रशिक्षणात झालेली नव्हती. "वेळ लागला," शुभदा म्हणाली.

"हं," आंटी म्हणाल्या आणि तिच्या कपात आणखी साखर घातली.

पहिल्या पाहणीत उद्दिष्ट काही साधलेलं दिसलं नाही. माणसं होती तेवढीच होती, कारण घरं होती तेवढीच होती. हेलनने 'आशादायक सुरुवात' असं लिहिलं आणि दुसरी पाहणी पुढच्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ठरली.

त्या एप्रिलात जग कुलूपबंद झालं.

शुभदाचे सासू-सासरे फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आले होते, ते इथेच अडकले. शंतनूच्या चुलतभावाचा मुलगा वरुण पॅरामॅटाच्या कॅफेत काम करून शिकत होता. कॅफे बंद पडला तशी त्याची खोलीही सुटली. तो बॅग घेऊन आला आणि मागोमाग त्याचा मित्र सिद्धार्थ तांदळाची पिशवी घेऊन आला, रिकाम्या हाताने यायला नको म्हणून. तीन बेडरूममध्ये सात माणसं झाली. पोरं हॉलमध्ये गाद्या टाकून झोपू लागली. शंतनूचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर, उर्वीची शाळा तिच्या पलंगावर, सासऱ्यांचा प्राणायाम मागच्या अंगणात आणि शुभदाची कंपनी धुण्याच्या खोलीत, वॉशिंग मशीनवर लॅपटॉप ठेवून.

तिकडे टू ट्री वेलच्या पंचायतीने सरकारच्याही आधी आपला रस्ता बंद केला. वेशीवर पाटी लावली, की बाहेरच्यांनी येऊ नये. आणि वस्तीतले बहुतेक लोक म्हाताऱ्यांना आणि पोरांना घेऊन आपापल्या पूर्वजांच्या जागी, दूर माळावर पांगले. तिथे उघड्यावर बिछाने टाकले, शिकार केली, दवाखान्याची गाडी आठवड्यातून एकदा फिरवली. आजार आत शिरला नाही. कॅनबेरातल्या साहेबांनी, त्यांचं नाव डग्लस, सुरुवातीला या पाटीची नोंद 'वस्तीचे असहकार्य' अशी करायला सांगितली होती. नंतर सगळ्या देशानेच पाट्या लावल्या तेव्हा त्यांनी ती नोंद गाळली.

पाहणी मग व्हिडिओवर झाली. पडद्यावर एका चौकटीत डग्लससाहेब, मागे पुस्तकांचं कपाट. दुसरीत हेलन, मागे समुद्र. तिसरीत दवाखान्याच्या व्हरांड्यातून आंटी जॉयस. चौथीत शुभदा, मागे वाळत घातलेले सासऱ्यांचे बनियन.

शुभदाने ठरलेला प्रश्न विचारला. "आंटी, सध्या एका घरात किती माणसं झोपतात?"

"सध्या?" आंटींनी मागे वळून वस्तीकडे पाहिलं. "माझ्या घरात मी आणि बहीण. शेजारी कुणीच नाही. सगळी माळावर आहेत."

डग्लससाहेब पुढे सरसावले. "म्हणजे प्रत्येक बेडरूममध्ये दोनपेक्षा कमी?"

"तसं म्हणायचं तर तसं."

"वंडरफुल," साहेब म्हणाले आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

शुभदा म्हणाली, "पण हे साथीमुळे आहे. लोक परत आले की—"

इतक्यात दार ढकलून तिच्या सासूबाई, विमलताई, मशीनमधले कपडे काढायला आत आल्या. पडद्यावरची माणसं पाहून त्यांनी पदर सारखा केला आणि सवयीने हात जोडले.

"ही कोण?" आंटींनी विचारलं.

"माझ्या नवऱ्याची आई."

"तुझ्याकडे राहते? अजून कोण आहे?"

शुभदाने सांगितलं. सात जण ऐकून आंटींनी बेडरूम किती ते विचारलं. तेही तिने सांगितलं.

"मग तुला शिकवायला कोण येतं?" आंटी अगदी सहज म्हणाल्या. "नाही म्हणायला."

हेलन हसली. डग्लससाहेबही सौजन्याने हसले. विमलताईंना इंग्रजी फारसं कळत नव्हतं, पण सगळे हसताहेत म्हणून त्याही हसल्या आणि ओल्या कपड्यांची बादली घेऊन बाहेर गेल्या.

अहवाल पुढच्या वर्षी फेब्रुवारीत आला. मुख्य उद्दिष्ट पूर्ण झालं होतं. एका बेडरूममध्ये दोनपेक्षा जास्त माणसं, ही समस्या टू ट्री वेलमधून संपुष्टात आली होती. सबब नव्या सहा घरांची गरज उरली नव्हती. लोक साथीमुळे माळावर गेले होते, हे शुभदाने दोन परिच्छेदांत लिहिलेलं होतं. ते शेवटच्या जोडपत्रात 'हंगामी स्थलांतर' या दोन शब्दांत शिल्लक राहिलं.

"हेलन, हे बरोबर नाही," ती फोनवर म्हणाली. "लोक परत आलेत. घरात पुन्हा बारा माणसं आहेत."

"जोडपत्रात आहे ना, मेट. नो वरीज."

"जोडपत्र कोण वाचतं?"

"तू वाचतेस," हेलन म्हणाली. ती वाईट बाई नव्हती. तिची पुढची तीन कामं डग्लससाहेबांच्या खात्याकडून यायची होती, आणि शुभदाचा पगार त्याच कामांतून व्हायचा होता. शुभदाने ठीक आहे म्हणून फोन ठेवला.

आंटींना तिने स्वतःच फोन करून सांगितलं.

"म्हणजे आम्ही घरात राहिलो नाही, म्हणून घरं मिळणार नाहीत," आंटी म्हणाल्या. "आणि राहिलो असतो, तर फार जण राहतो म्हणून मिळाली नसती."

मग त्यांनी विचारलं, तुझी सासू बरी आहे ना.

जेवताना तिने ही हकिकत सांगितली. सासरे, बाळासाहेब, महसूल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी ताकाचा घोट घेतला.

"माझे वडील तलाठी होते. कलेक्टर कॅम्पला यायचा तेव्हा गाव झाडून लख्ख करायचे. साहेब लिहायचा, गाव सुस्थितीत आहे. पुढच्या वर्षी दुष्काळात सूट मागायला गेलं की तेच दाखवायचे. सुस्थितीत आहात, सूट कसली?"

"मग बाबा, झाडायचंच कशाला?"

"साहेब यायचा म्हटल्यावर झाडणारच ना माणूस," बाळासाहेब म्हणाले.

त्या हिवाळ्यात, म्हणजे तिकडच्या जून-जुलैत, सिडनीत पुन्हा साथ पसरली आणि या वेळी कुलूप सगळ्या शहराला सारखं लागलं नाही. समुद्राकडच्या लोकांना फिरायला किनारा होता. पश्चिमेकडच्या उपनगरांना नियम कडक, आणि नियम पाळताहेत की नाही हे बघायला पोलिसांबरोबर लष्कराचे जवान. टीव्हीवर रोज कुणीतरी समजावून सांगायचं, की पश्चिमेला मोठी कुटुंबं एका घरात राहतात, तिथे अडचण आहे.

एके दिवशी अकराच्या सुमाराला शुभदाच्याही दारात एक पोलीस आणि एक तरुण जवान उभे राहिले. वागायला दोघेही सभ्य.

"घरी किती जण राहता?" पोलिसाने विचारलं.

"सात."

जवानाने तिच्या खांद्यावरून आत नजर टाकली. हॉलमधल्या गाद्या अजून गुंडाळायच्या होत्या. सिद्धार्थ त्यातल्या एकीवर बसून ऑनलाइन लेक्चर ऐकत होता. विमलताई दारात आल्या आणि त्यांनी शुभदाला मराठीत विचारलं, की यांना चहा विचारू का. शुभदा नको म्हणाली, तशा त्या नाराज होऊन आत गेल्या.

"बरीच माणसं आहेत," पोलीस म्हणाला. रागावून नाही, शुभदा वस्तीवर गेल्यावर ज्या सुरात बोलायची, त्याच सुरात. "शक्य असेल तर थोडं विरळ राहा."

ते गेल्यावर उर्वी म्हणाली, "सो व्हॉट डिड वी गेट? पास ऑर फेल?"

शुभदाने गाद्या गुंडाळल्या. मग हॉल झाडला, पुसला, सोफ्यावरची चादर बदलली. कुणी पुन्हा येणार नव्हतं, तरी बदलली.

त्याच आठवड्यात एका मुलीचा फोन आला. स्थानिक समाजात आरोग्याच्या सूचना कितपत रुजल्या याची सरकारतर्फे पाहणी चालली होती आणि ती मुलगी प्रश्न वाचून दाखवत होती. दुसऱ्याच प्रश्नाला शुभदाने कान टवकारले. 'आपल्या घरातील ज्येष्ठांना आरोग्याच्या सूचना कितपत समजतात: पूर्णपणे, काही अंशी, की अजिबात नाही?' ही वाक्यरचना तिची होती. टू ट्री वेलसाठी तिने हा प्रश्न स्वतः घडवला होता. कंपनीने 'घराच्या सूचना'ऐवजी 'आरोग्याच्या सूचना' घालून तो नवीन कामाला लावला होता आणि तिला सांगायचंही कुणाला सुचलं नव्हतं.

"पूर्णपणे," शुभदा म्हणाली. विमलताई तेव्हा स्वयंपाकघरात हळदीचा काढा उकळत होत्या आणि त्याच्यापुढे लसबिस काही नाही असं वरुणला सांगत होत्या.

"एका बेडरूममध्ये किती व्यक्ती झोपतात?"

"दोन," शुभदा म्हणाली. हॉलमधल्या गाद्यांचं तिने सांगितलं नाही. पोलीस येऊन गेला होता, टीव्हीवर रोज ऐकत होती, आणि आपल्या घराबद्दल, आपल्या लोकांबद्दल आणखी काही लिहून घेतलं जायला नको, एवढंच तिला वाटलं. आणखी चार-पाच प्रश्नांना तिने अशीच चकाचक उत्तरं दिली. मुलगी खूश झाली आणि तिने आभार मानून फोन ठेवला.

मग शुभदाने जवळच टूनगॅबीला राहणाऱ्या मयूराला फोन केला. ही तिची युनिपासूनची मैत्रीण.

"तुला आला का गं तो पाहणीचा फोन?"

"आला ना. सगळं छान आहे म्हणून सांगितलं. नाहीतर पुन्हा दारात लष्कर," मयूरा म्हणाली. "मी तर शेजारच्या पटेलांनाही तेच सांगायला सांगितलं."

पंधरवड्याने निकाल लागला. गिरावीन आणि टूनगॅबीतल्या भारतीय कुटुंबांची समज आणि वर्तन उत्कृष्ट असल्याचं दिसून आलं. त्यामुळे गिरावीनच्या बागेपाशी येणार असलेली लसीकरणाची बस दुसरीकडे, अधिक गरज असलेल्या ठिकाणी पाठवण्यात आली. बाळासाहेबांचे गुडघे धरलेले. ते त्या बसची वाट बघत होते, कारण बाग चालत जाण्याजोगी होती आणि मोठ्या केंद्रावर तासन्‌तास रांगेत उभं राहणं त्यांना जमणार नव्हतं.

"का रद्द झाली?" त्यांनी विचारलं.

"आपण सुस्थितीत आहोत म्हणून," शुभदा म्हणाली.

बाळासाहेबांना शेवटी शंतनूने घडीची खुर्ची घेऊन केंद्रावर नेलं. रांग पुढे सरकली की खुर्ची पुढे सरकवायची. विमलताई काढ्याचा थर्मास घेऊन बरोबर गेल्या आणि लस टोचून घेऊन आल्या. तिथली नर्स फार गोड बोलली म्हणून.

पुढच्या बैठकीत हेलनने डग्लससाहेबांना पश्चिम सिडनीचे आकडे दाखवले आणि टू ट्री वेलच्या यशाशी त्यांची तुलना केली. शुभदा वॉशिंग मशीनपाशी बसून ऐकत होती. तिने माइक चालू केला.

"त्या आकड्यांत एक घर माझं आहे," ती म्हणाली. "मी खोटी उत्तरं दिली. माझ्या मैत्रिणीनेही दिली. आमच्याकडे पोलीस येऊन गेले होते, आम्ही घाबरलो होतो. आणि टू ट्री वेलमध्ये तर कुणी खोटंही बोललं नाही. त्यांनी खरं सांगितलं आणि खोटं आपण लिहिलं. त्यांना सहा घरं हवी आहेत. पहिल्या दिवसापासून तेच सांगताहेत."

हेलनने डोळे मिटून घेतले. ही नोकरी गेली, असं शुभदाने मनातल्या मनात धरून टाकलं, आणि त्याचं दुःख होण्याऐवजी भूक लागल्यासारखं काहीतरी वाटलं.

डग्लससाहेबांनी हेही लिहून घेतलं. मग म्हणाले, "हे अत्यंत मोलाचं आहे. ज्यांची पाहणी होते त्यांच्या बाजूचा अनुभव. आपण यावर एक स्वतंत्र अभ्यास करू या. पाहण्या कितपत विश्वासार्ह असतात याचा. शुभदा, तूच कर."

नोकरी गेली नाही. बढती मिळाली.

घरांचं मात्र काही झालं नाही. पुढे डिसेंबरात, तिकडच्या उन्हाळ्यात, सीमा उघडल्या, रस्ते उघडले आणि आजार टू ट्री वेलला पोहोचला. बारा माणसांच्या घरात एकाला झाला की बाराही जणांना. आंटींची बहीण त्यातच गेली. वर्तमानपत्रांत फोटो आले, एका खोलीत ओळीने टाकलेल्या गाद्यांचे, आणि मग आठवड्याभरात तीन घरं मंजूर झाली. त्यासाठी कुणी कुठला अहवाल उघडला नाही.

सासू-सासरे पुण्याला परत गेले, वरुण आणि सिद्धार्थला स्कोफिल्ड्सला खोली मिळाली, आणि घर एकदम मोठं झालं. शुभदाने धुण्याच्या खोलीतून आपलं ऑफिस हलवलं नाही. जूनमध्ये ती नव्या अभ्यासासाठी टू ट्री वेलला एकटी गेली. या वेळी आधी आंटींना फोन करून, येऊ का असं विचारून गेली.

आंटी बारीक झाल्या होत्या. चहा शुभदाने केला आणि त्यांच्या कपात आणखी साखर घातली. आंटींनी विचारलं, "या वेळी काय मोजायला पाठवलंय?"

"आमचं मोजणं कितपत खरं असतं, ते."

"ते आम्हाला विचारायचं होतं," आंटी म्हणाल्या. "फुकट सांगितलं असतं."

शुभदा तिथे आठवडाभर राहिली. कुणालाही ठरलेला प्रश्न विचारला नाही. ज्यांना बोलायचं होतं ते बोलले, ज्यांना नव्हतं त्यांनी तिला लाकडं गोळा करायला लावली. परत आल्यावर तिने दोन पानं लिहिली. लोक घरं मागतात कारण घरं कमी आहेत; घर दिल्यावर विचारलं तर लोक खरं सांगतील; घर देण्याआधी विचारलं तर जे सांगितल्याने घर मिळेल ते सांगतील, आणि त्यात त्यांची चूक नाही.

खात्याने दोन पानं परत पाठवली. अभ्यास किमान चाळीस पानांचा असावा, असं करारात होतं. शुभदाने आणखी अडतीस पानांची जोडपत्रं लावली, त्यांत तक्ते घातले, रंगीत आलेख घातले, आणि ती दोन पानं सगळ्यांच्या वर ठेवली. डग्लससाहेबांनी तो अभ्यास एका परिषदेत मांडला. लोकांना आलेख फार आवडले.

उरलेली तीन घरं विचाराधीन आहेत.